एका अँपिअरला एक व्होल्ट

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शुभांकुर सोसायटीचे चेअरमन श्री. सुभाष चेंबूरकर, व्यासपीठावर बसलेले आपल्या सगळ्यांचे डॉक्टर यतीन सामंत, खजिनदार दिपेशभाई, ज्यांच्यासाठी आज आपण पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून इथे खुर्च्या मांडल्या ते श्री. समाधान हिवराळे आणि सौ. रश्मी, ए आणि बी विंगमधले माझे शेजारी, आणि शेवटच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली मंडळी. तुम्हालासुद्धा माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या सुरुचीनं आत्ता सांगितलं की मोहिले मॅडम दोन शब्द बोलतील. सुरुची, बाळा, दोन शब्दांत मी जन्मात काही सांगितलेलं नाही. भाईंदर पश्चिमेच्या कॉलेजात ज्यांनी माझ्याकडे बारावीचं फिजिक्स केलं, त्यांतले तीन-चार जण इथे बसलेत. त्यांना विचार. तास संपल्याची घंटा व्हायची, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहायचे आणि माझं आपलं चालूच. तेव्हा दिपेशभाई, तुमचा हात माईकच्या बटणाजवळ दिसतोय मला. तो जरा लांब घ्या.

सजावट छान झाली आहे. फुलं ताजी आहेत, बॅनरवरचं नावही बरोबर लिहिलंय, नाहीतर एरवी आपण माणसाचं नावही धड छापत नाही. समाधान आणि रश्मी यांच्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी जे सांगितलं, ते सगळं खरं आहे. टाकी साफ करायची असो, लिफ्टवाल्याला दहा वेळा फोन करायचा असो, समाधान पुढे. चौदा एप्रिलला त्याच्या घरची खीर सगळ्या मजल्यांवर पोचायची आणि गणपतीत महाप्रसादाची भाजी चिरायला हाच माणूस विळी घेऊन सकाळपासून बसलेला असायचा. रश्मीच्या बालवाडीत आपल्यापैकी निम्म्यांची मुलं रडत गेली आणि हसत परत आली. असा शेजार सुटतो तेव्हा वाईट वाटतं, असं म्हणायची पद्धत आहे. मला पद्धत म्हणून नाही, खरोखरच वाईट वाटतंय.

पण अध्यक्षमहाराज, तुमच्या एका वाक्याला माझी हरकत आहे. तुम्ही मघाशी म्हणालात, बदलापूरला मोठं घर मिळालं, प्रगती झाली, म्हणून हे कुटुंब आपल्याला सोडून चाललंय. मी ते घर पाहून आलेय. गेल्या आठवड्यात रश्मीबरोबर गेले होते. इथल्यापेक्षा एक खोली कमी आहे, आणि समाधानचं ऑफिस अंधेरीला. इथलं, भाईंदरच्या नवघरसारख्या ठिकाणचं घर विकून, रोजचा प्रवास दुप्पट करून, लहान घरात कोण जातं हो? कशासाठी जातं?

तुम्हा सगळ्यांना उत्तर माहीत आहे. म्हणूनच आज इतका वेळ इतकं गोड बोलणं चाललंय. कमळाबाईंचं नाव सुरुवातीला एकदा श्रद्धांजलीत आलं, त्यानंतर कुणीच काढलं नाही. मी काढणार आहे. समाधान, तुला त्रास होईल, तरी ऐकून घे.

ए विंगच्या लोकांना कमळाबाई फारशा माहीत नसतील, कारण शेवटच्या दोन वर्षांत त्या एकदाच खाली उतरल्या. समाधानची आई. जालन्याकडून नवऱ्याबरोबर इकडे आल्या तेव्हा मीरा रोडला शेतं होती, मिठागरं होती आणि त्यांतून बिल्डिंगी उठत होत्या. त्या बिल्डिंगींवर कमळाबाईंनी वाळूच्या, सिमेंटच्या पाट्या वाहिल्या. कितीतरी वर्षं. मुलाला शिकवलं, मुलानं घर घेतलं, आणि मग बाईंची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. विजेवर चालणारं. नाकाला नळी, मशीन सतत चालू. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मला म्हणाल्या, "काय गं बाई, हवा बी आता वायरीतून यायली का?" आणि स्वतःच हसल्या. हसल्या की धाप लागायची, तरी हसायच्या.

यंदा मार्चपासूनच उकाडा सुरू झाला. दुपार झाली की ते मशीन शिट्टी मारून बंद पडायचं. समाधान धावत सिलिंडर लावायचा. सिलिंडर एका संस्थेकडून आणून ठेवलेला होता, अडीअडचणीसाठी. पण रोजच अडीअडचण व्हायला लागली. तेव्हा रश्मी माझ्याकडे आली. "मॅडम, मशीन दुरुस्त आहे म्हणतात कंपनीवाले. मग बंद का पडतं?"

मी मीटर घेऊन गेले. सांगते काय झालं ते. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही, आणि यातलं गणित पाचवीच्या पोराला यावं इतकं सोपं आहे.

गेटजवळच्या मीटर रूममध्ये आपल्या बी विंगला येणारी वीज मी मोजली. दोनशे तीस व्होल्ट. उत्तम. तिसऱ्या मजल्यावर हिवराळ्यांच्या प्लगमध्ये मोजली. एकशे नव्वद. मधले चाळीस व्होल्ट कुठे गेले? कुणी चोरले नाहीत. त्याच वेळी विंगच्या मुख्य वायरीतून किती करंट चाललाय ते पाहिलं, तर चाळीस अँपिअर. आता व्होल्टला अँपिअरनं भागलं की त्या वायरीचा अडथळा मिळतो, ज्याला आम्ही रेझिस्टन्स म्हणतो. चाळीस भागिले चाळीस. एक. आपल्या जुन्या वायरीचा अडथळा बरोबर एक ओहम. मला तर देवानंच गणित घालून ठेवल्यासारखं वाटलं, कारण त्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. आपण एक अँपिअर ओढला की वाटेत एक व्होल्ट खर्च. दहा ओढले की दहा खर्च. जे उरेल ते वरच्या मजल्यावर पोचणार.

आणि खर्च झालेलं जातं कुठे? व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट मिळतात. चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे वॅट. म्हणजे एक मोठी इस्त्री आणि वर आणखी एक छोटी इस्त्री, भिंतीच्या पोटात दुपारभर तापत राहिलेली. जिन्यातली ती भिंत हाताला कोमट लागते असं आपण सगळे म्हणायचो आणि उन्हाला दोष द्यायचो. वायर बदला असं मी तेव्हाही म्हटलं. ठराव झाला. तो अजून ठरावच आहे, पण तो विषय जनरल मीटिंगचा.

कमळाबाईंच्या मशीनला कमीत कमी दोनशे व्होल्ट लागतात, त्याखाली ते बंद पडतं. म्हणजे वाटेत तीसपेक्षा जास्त व्होल्ट खर्च होता कामा नयेत. म्हणजेच सगळ्या विंगनं मिळून तीस अँपिअरच्या वर जायचं नाही. पंखे, फ्रिज, टीव्ही मिळून नऊ. एक एसी सात अँपिअर घेतो. तीन एसी एकवीस. नऊ आणि एकवीस तीस. एका वेळी तीनच एसी चालले पाहिजेत, चौथा लागला की मशीन गेलं. आणि आपल्या विंगमधल्या दहा घरांपैकी एसी आठ घरांत. हिवराळ्यांकडे नाही आणि माझ्याकडे नाही. माझ्याकडे नाही यात माझा काही मोठेपणा नाही, गुडघ्यांना गार हवा सोसत नाही.

आणि मग तुम्ही काय केलंत? ही गोष्ट मला ए विंगला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती अभिमानाची आहे. जिन्यातच सगळे जमलो. मी फरशीवर खडूनं हेच गणित मांडलं. कुणी वाद घातला नाही. चेंबूरकरवहिनी घरात गेल्या आणि कपडे वाळत घालायचे तीन निळे चिमटे घेऊन आल्या. ज्याच्या सेफ्टी डोअरला चिमटा, त्याचा एसी चालू. दोन तास झाले की चिमटा काढायचा आणि पुढच्या घराच्या दाराला लावायचा. बेल मारायचीही गरज नाही.

महिनाभराहून जास्त काळ ते चाललं. मी किती समित्या पाहिल्या, किती नियम पाहिले, पण असा पाळलेला नियम पाहिला नाही. आपले चेअरमनसाहेब भर दुपारी बनियनवर जिन्यात वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले मी पाहिलेत. हसू नका, तेव्हा मला ते फार मोठे वाटले होते. दिपेशभाईंच्या घरी सासरहून पाहुणे आले होते, ऐन जेवायच्या वेळी पाळी संपली. दिपेशभाई उठले, चिमटा काढला आणि समोरच्या दाराला लावला. पाहुणे विचारत होते, आ शूं छे? दिपेशभाई म्हणाले, "ऊपर माजी हैं ना, उनका साँस चलता है इससे." मी जिन्यात होते. मी ऐकलंय.

कमळाबाईंना मात्र संकोच वाटायचा. गॅलरीजवळच्या खुर्चीत बसून मला म्हणायच्या, "माझ्या एकटीपायी सगळी बिल्डिंग उकडून निघायली, मॅडम. किती दिस असं करायचं लोकांनी?" मी म्हणायचे, तुम्ही गप्प बसा आणि श्वास घ्या.

मग एप्रिलच्या अखेरीला आपण इथे, याच जागी, असाच एक समारंभ केला. असाच माईक होता, अशाच खुर्च्या. वर्गणी काढून सोसायटीनं हिवराळे कुटुंबाला स्टॅबिलायझर भेट दिला. समाधानला शाल घातली, फोटो काढले, ते फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये अजून असतील. चांगल्या मनानं दिला होता, त्यात तिळमात्र शंका नाही. कमळाबाईंना खुर्चीत बसवून, सिलिंडर बरोबर घेऊन, चार जणांनी खाली आणलं होतं. त्या माईकवर एवढंच म्हणाल्या, "लई केलं समद्यांनी. आता झोपा बाबांनो गारव्यात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात संस्थेचा फोन आला, मीरा रोडला एक पेशंट आहे, सिलिंडर मोकळा असेल तर हवाय. आपण सगळ्यांनीच समाधानला सांगितलं, आता स्टॅबिलायझर आहे, देऊन टाक, दुसऱ्याचा जीव वाचेल. त्यानं दिला. दुसऱ्याच्या आईसाठी दिला.

आता स्टॅबिलायझर म्हणजे काय? तो वीज तयार करत नाही. कमी आलेले व्होल्ट वाढवून देतो, आणि ते वाढवण्यासाठी वायरीतून थोडा जास्तच करंट ओढतो. आणि त्यालाही मर्यादा आहे. एकशे सत्तरच्या खाली व्होल्टेज गेलं की तो हात वर करतो, सगळंच बंद करतो. डब्यावर तसं छापलेलं आहे. पाळी चालू ठेवा, हे मी त्या दिवशीही म्हटलं होतं. सगळे म्हणाले, हो मॅडम, चालूच राहणार. खरं म्हणजे पाळी बंद करायचं कुणीही ठरवलं नाही. कुणीही वाईट विचार केला नाही. एके दुपारी एकानं चिमट्याविना एसी लावला, वरून शिट्टी ऐकू आली नाही. दुसऱ्यानं लावला, तरी शिट्टी नाही. स्टॅबिलायझर मुकाट्यानं ओढत होता. बाईच म्हणाल्या होत्या ना, झोपा गारव्यात. अहो, पाहुणा संकोचानं पुरे म्हणाला म्हणून आपण त्याच्यापुढचं ताट उचलतो का?

मेमधला तो रविवार. तापमान सांगत नाही, तुम्हाला आठवत असेल. सुट्टी, दुपारची मॅच, सगळे घरात. मी वसईला भाचीच्या लग्नाला गेले होते. रश्मी माहेरी होती. घरात समाधान आणि आई. जेवणं झाली आणि मशीन बंद पडलं.

समाधाननं काय केलं? कुणीही केलं असतं तेच. त्याला आपण सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की आता व्होल्टेजची चिंता नाही. मग त्याला वाटलं, प्लग सैल झाला. स्टॅबिलायझर भिंतीपाशी होता आणि मशीन त्याच्यापुढे एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेलं होतं, कारण आईला गॅलरीजवळ बसायचं असायचं. त्यानं प्लग काढला, लावला. बोर्ड हलवला. दुसऱ्या भोकात लावला. पंखा मंद का होईना फिरत होता, म्हणजे वीज तर आहे. मग चूक बोर्डाचीच. तो बोर्डाशी झटत राहिला आणि मागे खुर्चीत आईचे ओठ निळे पडत गेले. मग तो जिन्यात येऊन ओरडला. चेंबूरकर धावले, दिपेशभाईंनी गाडी काढली, सगळे धावले. दवाखान्यात पोचल्या. पण दोन दिवसांनी कमळाबाई गेल्या.

आणि तिसऱ्या दिवसापासून खाली गेटवर एक वाक्य फिरायला लागलं. "बोर्ड लूज था." मग त्याला पाय फुटले. हलका माल आणला असणार. रस्त्यावरचा घेतला असणार. मशीन कुणी एक्स्टेन्शनवर लावतं का? त्या लोकांना एवढं कळायला नको? त्या लोकांना. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत आणि ते कुणाच्या तोंडून ऐकले हे इथे सांगणार नाही. समाधाननंही ते ऐकले. आणि वाईट हे, की त्याला ते पटले. कारण बोर्ड हलवताना तो एकटा तिथे होता.

सुरुची, मला पाणी दे जरा.

आई गेल्यावर दहा-बारा दिवसांनी रश्मी माझ्याकडे आली. पिशवीत तो बोर्ड. "मॅडम, हे रोज कामावरून येतात आणि हा बोर्ड घेऊन बसतात. प्लग घालतात, काढतात. टाकून देऊ देत नाहीत. जेवत नाहीत धड. तुम्ही एकदा बघाल का? खरंच हाच खराब असेल तर तसं सांगा, पण काहीतरी सांगा." मी चाळीस वर्षं शिकवलं, पण इतका कठीण प्रश्न कुठल्या मुलानं मला विचारला नव्हता.

आम्ही तो बोर्ड सकाळच्या वेळी, व्होल्टेज व्यवस्थित असताना, त्याच मशीनला लावला. मशीन दीड अँपिअर घेतं. बोर्डाच्या अलीकडे आणि पलीकडे मोजलं. फरक किती? सहा दशांश व्होल्ट. शून्य पूर्णांक सहा. भागिले दीड. बोर्डाचा अडथळा शून्य पूर्णांक चार ओहम. त्यात वाया जाणारी वीज एक वॅटसुद्धा नाही. झिरोचा बल्ब याच्या कितीतरी पट खातो. मी प्लग हलवून मोजलं, वायर वाकवून मोजलं, दुसऱ्या भोकात मोजलं. आकडा हलला नाही. बोर्ड चांगला आहे. चांगल्या दुकानातून घेतलेला, चांगला बोर्ड आहे.

मग पुढच्या रविवारी दुपारी मी परत गेले. कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, आठही एसी आपापले चालू होते, आता पाळी कशासाठी ठेवायची? मीटर रूममध्ये दोनशे तीस व्होल्ट. वायरीतून जाणारा करंट पासष्ट अँपिअर. तिसऱ्या मजल्यावर, हिवराळ्यांच्या प्लगमध्ये, एकशे पासष्ट व्होल्ट. आपण दिलेल्या स्टॅबिलायझरवर लाल दिवा लागला, आत टक् असा आवाज आला आणि मशीन बंद पडलं. बोर्ड न लावता. स्टॅबिलायझर थेट भिंतीतल्या प्लगला, मशीन थेट स्टॅबिलायझरला, तरी बंद पडलं.

पासष्ट व्होल्ट खर्च, पासष्ट अँपिअर करंट. भागा. एक. मार्चमध्ये होता तोच एक ओहम. वायर बदलली नव्हती. आपण बदललो होतो. पासष्ट गुणिले पासष्ट, सव्वाचार हजार वॅट आपण त्या भिंतीत जाळत होतो, आणि पाच व्होल्ट कमी पडले म्हणून वर एका बाईचा श्वास अडत होता. एक एसी, कुठलाही एक, बंद असता तर व्होल्टेज एकशे बहात्तर राहिलं असतं. स्टॅबिलायझरनं तग धरला असता.

डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे बघून मी पुढचं प्रामाणिकपणे सांगते. मी तुम्हाला विचारलं होतं, मशीन बंद पडलं नसतं तर बाई जगल्या असत्या का? तुम्ही म्हणालात, फुप्फुसं फार थकली होती, महिना काढला असता, सहा महिने काढले असते, कुणी सांगावं. बरोबर आहे. ते मलाही सांगता येत नाही. तो माझा विषय नाही आणि त्याचं सूत्र मला माहीत नाही. मला सांगता येतं ते एवढंच, की मशीन कशानं बंद पडलं. आणि ते समाधानच्या हातानं बंद पडलं नाही.

हे सगळं मी त्याला घरी जाऊन सांगितलं आहे. कागदावर मांडून दाखवलं, मीटर हातात दिला. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. तुम्ही एकट्याच सांगताय. खाली सगळे वेगळंच म्हणतात. एवढी माणसं कशी चुकतील?"

माझ्या गणिताचं त्याच्यापुढे काही चाललं नाही. मी घरी आले आणि रडले. म्हणून मी सुरुचीकडे आज बोलायला वेळ मागून घेतला. उद्या टेम्पो येणार. सामान भरलं जाणार. आणि हा माणूस बदलापूरच्या त्या लहान घरात, आपण आईला मारलं असं समजून, उरलेलं आयुष्य काढणार. पुढच्या पाच मिनिटांत शाल आणि श्रीफळ देऊन आपण मोकळे होणार. चालेल तुम्हाला? मला नाही चालणार.

समारंभाचं वातावरण मी बिघडवलं, हे मला दिसतंय. नाही चेंबूरकर, बसा, मला पूर्ण करू द्या. मी कुणावर खटला भरलेला नाही. तुमच्यापैकी एकानंही जाणूनबुजून काही केलेलं नाही. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक बटण दाबलं, उकडत होतं म्हणून दाबलं. एकट्याच्या एसीनं सात व्होल्ट गेले, त्यानं काहीच झालं नसतं. आठ जणांचे मिळून गेले. त्यामुळेच ते कुणालाच आपलं वाटत नाही, आणि सगळं त्या एका बोर्डावर गेलं. समाधानला माझं खरं वाटत नाही, कारण मी एकटी आहे. तुमचं वाटेल. म्हणून भाषण संपवताना मी एकच गोष्ट मागते. त्या रविवारी दुपारी ज्यांच्या घरी एसी चालू होता, त्यांनी जागेवर फक्त उभं राहावं. बोलायचं काही नाही. माफी मागायची नाही. मी नावं घेणार नाही आणि कोण बसून राहिलं तेही बघणार नाही. हा मी चष्मा काढला, आता मला पहिल्या रांगेपलीकडचं दिसतसुद्धा नाही.

तोवर आभार मानते. खुर्च्या लावणाऱ्यांचे, पंखा माझ्या बाजूला न फिरवणाऱ्यांचे, आणि बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे. सरतेशेवटी, बोलण्यात काही अधिक-उणं झालं तर सांभाळून घ्या असं म्हणतात. माझ्या शब्दांत अधिक-उणं पुष्कळ झालं असेल, त्याची माफी असावी. आकड्यांत झालेलं नाही, ते मी पुन्हापुन्हा तपासले आहेत.

कुणाची खुर्ची वाजली? व्यासपीठावरची. सुभाषराव... आभारी आहे. वहिनी, तुम्हीही. दिपेशभाई, माईक राहू द्या, तुम्ही उभे राहा, हां, असेच. मागेही उठतायत वाटतं कुणीतरी, खुर्च्या सरकल्याचे आवाज येतायत. थांबा, कुणी बोलू नका. समाधान, बघ. मान वर कर आणि मागे वळून बघ, एकदा सगळीकडे बघ.

अरे, तू कशाला उठलास? तू नाही, बाळा. रश्मी, त्याचा हात धर गं. समाधान, तू बस. ही सगळी माणसं तुझ्यासाठी उभी आहेत. तू खाली बस.